लिमोझिन : आधी घोंगडी, मग गाडी

परवा बाळकुमला एका वरातीत लिमोझिन आली. भाच्याने विचारलं, "मामा, लिमोझिन म्हणजे काय रे?" मी ठोकून दिलं, "लांब गाडी!" घरी येऊन शोधलं तर उत्तर चुकलेलं. लांबीचा या शब्दाशी मुळात संबंधच नाही.

फ्रान्सच्या मध्यभागी लिमुझाँ नावाचा प्रांत होता, त्याचं मुख्य शहर लिमोज. नाव आलं लेमोविकेस या प्राचीन गॉल जमातीवरून. तिथले गाडीवान थंडी-पावसात जाड लोकरीचा झगा पांघरायचे. त्या झग्याला 'लिमुझिन' म्हणू लागले. पैठणवरून पैठणी, तसंच हे. भात लावणीला इरलं आणि रानात घोंगडीची खोळ घेणाऱ्या आपल्या जुन्या पिढीला हा झगा लगेच ओळखू आला असता!

आता संशोधनाचा मुद्दा. झगा आधी की गाडी आधी, हे कसं ठरवायचं? तारखा बघायच्या. लित्रे यांचा फ्रेंच कोश 1863 ते 1873 दरम्यान प्रसिद्ध झाला. त्यात गाडीवानांचा झगा हा अर्थ आहे. कार्ल बेंझ यांनी मोटारीचं पेटंट घेतलं 1886 मध्ये. म्हणजे झगा आधीचा, यात वाद नाही. इंग्रजीत गाडीसाठी हा शब्द 1902 च्या सुमारास दिसतो. तेव्हाची लिमोझिन म्हणजे मागचे प्रवासी बंद डब्यात आणि ड्रायव्हर पुढे जवळजवळ उघड्यावर.

पण झग्याचं नाव गाडीला का दिलं? इथे दोन मतं आहेत. एक म्हणतं, गाडीचं छप्पर झग्याच्या टोपीसारखं दिसायचं. दुसरं म्हणतं, उघड्यावर बसणारा ड्रायव्हर तसा झगा घालायचा. दोन्ही पटतात, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. क्रम सिद्ध झाला म्हणून कारण सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत आपण हेच शिकतो आणि थिसिस लिहिताना हेच विसरतो.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक दुव्यापुढे स्वतःला विचारा: हा तारखेने सिद्ध आहे, की फक्त गोष्ट छान आहे? दोन्ही वेगळं लिहा. गाईडच्या आधी तुम्हीच हा प्रश्न विचारलेला बरा.

भाच्याला मी आता खरं उत्तर दिलंय. तो म्हणाला, "म्हणजे नवरदेव घोंगडीतून आला?" अगदी बरोबर!