तिकिटाचे पैसे कुणाचे?



बाई दूरदेशी गेली की तिच्याबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. ती किती धाडसी होती ही एक, आणि तिला कुणी जाऊ दिलं ही दुसरी. जाऊ देणारा कधी नवरा असतो, कधी बाप, कधी एखादा साहेब. तिसरी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, की तिकिटाचे पैसे कुठून आले? आम्ही ताडकळस भागात बचत गटांचं काम बघतो, त्यामुळं कुठलीही हकीकत ऐकली की आमचं डोकं आधी जमाखर्चाकडं जातं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या मराठी बाया सातासमुद्रापार गेल्या, त्यांची गोष्ट आज आम्ही त्याच बाजूनं सांगणार आहोत.

आधी एक सांगून टाकू. आपल्याकडच्या बाया पूर्वी घराबाहेर पडतच नव्हत्या, हे काही खरं नाही. संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या, आणि त्यांचं आयुष्य गेलं पंढरपुरात. वारीला बाया शतकानुशतकं पायी जातात. आजही शेगावची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा तिच्यात किती बाया असतात ते आपण बघतोच. ऊसतोडीला सहा-सहा महिने परमुलखात जाणाऱ्या बाया तर आपल्याच घरातल्या. त्याला मात्र कुणी प्रवास म्हणत नाही! पायी जायला घरच्यांचा होकार लागतो, पैसा फारसा लागत नाही. समुद्र ओलांडायचा तर दोन्ही लागतं. शिवाय त्या काळी समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानत. विलायतेहून परत आलेल्या पुरुषांनासुद्धा प्रायश्चित्त घ्यायला लावायचे, मग बाईची काय कथा.

पंडिता रमाबाईंनी चालण्यापासूनच सुरुवात केली. त्यांचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांनी त्रास दिला म्हणून रानात जाऊन राहिले, आणि आईनं पुढं मुलीला शिकवलं. नंतर हे सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थामागून तीर्थ पायी फिरत राहिलं. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं भावंडं काश्मीरपासून बंगालपर्यंत चालली. रानातली बोरं आठळ्यांसकट खाल्ली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत वाळू अंगावर ओढून रात्र काढली. हे त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलंय. 1878 साली ही भावंडं कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

मग भाऊ वारला. रमाबाईंनी जातीबाहेर, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. दोन वर्षांच्या आत तेही पटकीनं गेले. कडेवर मनोरमा नावाची लेक घेऊन रमाबाई 1882 साली पुण्याला आल्या. तिथं त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढं बायांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली, आणि 'स्त्रीधर्मनीति' नावाचं पुस्तक लिहिलं. वैद्यकी शिकायला विलायतेला जायचं त्यांच्या मनात होतं. मग भाडं कुठून आलं? याच पुस्तकाच्या विक्रीतून. विधवा बाई, माहेर नाही, सासर नाही, आणि स्वतः लिहिलेल्या पुस्तकाच्या पैशावर लेकीला घेऊन 1883 साली मुंबईहून बोटीत बसते. आम्हाला या सगळ्या इतिहासातली ही ओळ सगळ्यात मोठी वाटते.

त्याच सुमारास, 7 एप्रिल 1883 ला, कलकत्त्याहून दुसरी एक मराठी मुलगी बोटीत बसली. आनंदीबाई जोशी, वय अठरा, रमाबाईंच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांची गोष्ट पुस्तकांतून, सिनेमातून आपल्यापर्यंत आलीय, म्हणून लांबवत नाही. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. त्यांच्या हट्टामुळं आनंदीबाई शिकल्या हे सगळे सांगतात. पण अमेरिकेला जायच्या आधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, भरसभेत उभं राहून आपण का जातोय ते इंग्रजीत सांगितलं ते आनंदीबाईंनी स्वतः. त्या भाषणाची चर्चा झाली आणि मदत येऊ लागली. अंगावरच्या सोन्याच्या बांगड्याही त्यांनी विकल्या. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने पाण्यावर, नवरा सोबत नाही, बोटीवरचं खाणं चालत नाही. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं गेल्या. त्यांची रक्षा आजही न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावात, ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखं ठेवून घेतलं त्यांच्या घरच्या स्मशानभूमीत आहे.

आता परत रमाबाईंकडं. इंग्लंडमध्ये त्यांना वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी आसरा दिला. तिथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येऊ लागल्यामुळं डॉक्टरकी राहिली, म्हणून त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकू आणि शिकवू लागल्या. इथं जमाखर्चाची दुसरी बाजू दिसते. राहणं-खाणं दुसऱ्याचं, तर हुकूमही दुसऱ्याचा. तरुण मुलग्यांना संस्कृत शिकवायची वेळ आली तेव्हा बिशप लोकांनी हरकत घेतली, की हिंदुस्थानात हे बरं दिसणार नाही. रमाबाईंनी पत्रांतून रोखठोक कळवलं, की धर्म मी स्वीकारला, माझी विचार करण्याची मोकळीक कुणाला दिली नाही. धर्म बदलल्यामुळं पुण्यातले लोक रागावलेले आणि मोकळेपणानं बोलल्यामुळं विलायतेतले! गटातल्या बाईला कर्ज देताना एखादा अधिकारी जसं घरचं सगळं विचारतो आणि वर उपदेशही करतो, तसलाच हा प्रकार.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला यावं म्हणून कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी बोलावलं, तेव्हा वाँटेजच्या लोकांची फारशी मर्जी नसतानाही रमाबाई निघाल्या. फेब्रुवारी 1886, ऐन थंडीतला अटलांटिक, खवळलेला समुद्र, आणि सोबत लहानगी मनोरमा. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. मनोरमेला मात्र परत इंग्लंडला पाठवावं लागलं. पाच वर्षांची पोर एका देशात आणि आई दुसऱ्या देशात. या गोष्टीवरून त्यांना नावं ठेवणारे तेव्हाही होते. मूल आईजवळ ठेवून परगावी कमवायला गेलेल्या आपल्या बायांना ती ताटातूट वेगळी समजावून सांगायला नको.

अमेरिका त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आगगाडीनं पालथी घातली. आपल्या परभणी-पूर्णेला रेल्वे आली ती 1900 च्या आसपास, हे लक्षात घ्या. बाई पांढऱ्या साडीत, खाणं शाकाहारी, आणि गावोगावी व्याख्यानं. 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याच्या हजारो प्रती खपल्या. म्हणजे पुन्हा पैसा आला तो लिहिण्या-बोलण्याच्या कष्टातून.

त्यांनी बघितलं काय? धबधबे, मोठमोठी शहरं बघितलीच. पण त्या जास्त वेळ थांबल्या त्या बायांच्या संघटनांपाशी. दारूच्या विरोधात तिथल्या बायांनी जो मोठा संघ उभा केला होता, त्याच्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांची ओळख झाली. तो संघ चालतो कसा, शाखा कशा असतात, कामं कशी वाटून घेतात, हे त्यांनी बारकाईनं समजून घेतलं. आपल्याकडं दारूचं दुकान बंद करायला बाया आडव्या बाटलीला मत देतात, त्यांना हे वाचताना आपलंच काही वाचतोय असं वाटेल. लहान मुलांना खेळातून शिकवायची बालवाडीची पद्धत त्या शिकल्या. आणि हॅरिएट टबमन यांना भेटल्या. टबमन म्हणजे गुलामीतून स्वतः पळून आलेल्या आणि मग रातोरात पायी चालवत इतर गुलामांना सोडवून आणणाऱ्या काळ्या बाई. वाळूत रात्र काढलेल्या रमाबाई आणि या टबमन समोरासमोर बसल्या असतील तेव्हाचं चित्र आम्ही बरेचदा मनात आणतो. त्यांच्याबद्दल रमाबाईंनी आपल्या लेकीला पत्रातून कळवलं.

आता वर्गणीचं ऐका. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' निघाली. गावोगावी मंडळं झाली. सभासदानं वर्षाला कमीत कमी एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षं देत राहायचं. एखाद्या श्रीमंतानं एकदाच मोठी रक्कम दिली असती तरी शाळा निघाली असती. पण ही थोड्या-थोड्या पैशाची, ठरल्या वेळची, लांब मुदतीची पद्धत आम्हाला फार ओळखीची वाटली. अट अशी ठरली, की शाळेत धर्माची सक्ती नसेल.

1888 च्या नोव्हेंबरात रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या. जपान, हाँगकाँग करत 1889 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरल्या. पश्चिमेकडं गेलेली बाई पूर्वेकडून परत आली, म्हणजे पृथ्वीला पूर्ण फेरी झाली. त्याच वर्षी त्यांनी मराठीत अमेरिकेच्या लोकस्थितीवर आणि प्रवासावर पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या शाळा, राज्यकारभार, घरं, बायांची कामं यांचं कौतुक आहे, आणि काळ्या लोकांना व तिथल्या मूळ रहिवाशांना गोरे कसे वागवतात तेही आहे. आम्हाला ते पुस्तक यासाठीच आवडतं. पाहुणचार केला म्हणून त्यांनी डोळे झाकून घेतले नाहीत.

मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. विधवा मुली धर्मांतर करतील या भीतीनं 1893 साली मोठा गदारोळ झाला, 'केसरी'नं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं. त्यात कोण किती बरोबर यावर आजही भांडण होतं. आम्हाला सांगायचंय ते वेगळंच. सदनातल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. त्यांच्याशी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केलं. कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढं पुण्याजवळ हिंगण्याला गेला. आणि त्या आश्रमात गोदूबाईंची विधवा बहीण कामाला लागली, पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाईंना लहानपणी शाळा नाही, लिहायला-वाचायला शिकल्या त्या मोठेपणी. केशवपन झालेलं. 1912 साली त्यांनी ते सोडून पुन्हा केस वाढवले, तेव्हा लोक काय-काय बोलले असतील! आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या वर्षानुवर्षं गावोगाव हिंडल्या. आणि 1918 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन अमेरिकेला निघाल्या. जायचं कशाला, तर इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी पैसा आणायला. तिथं राहायचा खर्च त्यांनी कसा भागवला? लोकांच्या घरी कामवाली म्हणून राहून. भांडी घासली, घरं झाडली. रमाबाईंजवळ विद्या होती, त्यांनी पुस्तकं विकली. पार्वतीबाईंजवळ हात होते, त्यांनी हातांवर अमेरिका बघितली. दोन वर्षांनी त्या परत आल्या, आणि 1928 मध्ये 'माझी कहाणी' लिहिली. जगप्रवास शिकलेल्या, इंग्रजी येणाऱ्या, मोठ्या घरच्या बाईनंच करायचा असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही कहाणी जरूर वाचावी.

एका डॉलरच्या वर्गणीतून सदन, सदनातून गोदूबाई, गोदूबाईंमागून बहीण, आणि ती बहीण पुन्हा अमेरिकेच्या बंदरावर. तीस वर्षांत हा फेरा पूर्ण झाला.

ही माहिती आम्ही गटांच्या बैठकांमधून सांगितली तेव्हा एकीनं आमच्याच वह्या उघडायला लावल्या. कर्जाच्या कारणाचा रकाना आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. दवाखाना, बी-भरण, फीस, शेळी, शिलाई मशीन, लेकीचं लगीन. फिरायला म्हणून कुणी एक रुपया उचललेला नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माहेरी आणि देवाला जाणं वाढलं, हे मात्र सगळ्याच म्हणाल्या. "बघायला म्हणून कुठं जायचं म्हटलं की घरी सांगायला कारणच नसतं," असं एक मावशी बोलल्या.

त्यावर बरीच बोलाबोली झाली. शेवटी महिन्याला वीस रुपये वेगळे ठेवायचे ठरलं, ज्यांना जमेल त्यांनी. कर्जासाठी त्या पैशाला हात लावायचा नाही. रमाबाईंनी नंतर दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभं केलं, ते दौंड आणि पुण्याच्या मधे, रेल्वेच्या वाटेवर आहे. तिथून पुढं हिंगणे. जाणं-येणं, एक मुक्काम आणि जेवण धरून माणशी किती पडतील त्याचा हिशेब चालू आहे. आतापर्यंत अकरा जणींनी पैसे दिलेत, त्यात त्या मावशीही आहेत. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, की निघायचा विचार आहे.