नर्सची पिशवी, गावाची जीप

हॉस्पिसची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या अखेरच्या शुश्रूषेच्या घरांची, आपल्या देशातली सुरुवात मुंबईत झाली, हे मी मल्याळी सिस्टरांना ठणकावून सांगत असे. १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन उघडलं, ते देशातलं पहिलं. पालिकेच्या रुग्णालयात माझी सगळी नोकरी झाली, वॉर्डात कितीतरी जणी केरळच्या, त्यामुळे हा वाद चहाबरोबर नेहमीचाच. पण त्यांचं उत्तर बिनतोड असायचं: तुम्ही इमारत बांधलीत, आमच्याकडे घरी जातात.

या ‘घरी जाण्या’चा उगम कोळिकोडचा. १९९३ मध्ये तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार या भूलतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह वेदनाशमनासाठी एक संस्था काढली. तो काळ मॉर्फिनच्या दुष्काळाचा. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं होतं, की औषध दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. कोळिकोडच्या ओपीडीत ते मिळू लागल्यावर लांबलांबून माणसं आली. ज्यांना उठताच येत नव्हतं, ती मात्र येणार कशी? म्हणून जीप निघाली. जीपमध्ये नर्स, कधी डॉक्टर, आणि वाट दाखवायला गावातलं कुणीतरी.

माझ्या मते खरी कलाटणी या वाटाड्यांनी दिली. २००० च्या आसपास मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावी स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. शिक्षक, दुकानदार, निवृत्त कारकून असे लोक, थोडंसं प्रशिक्षण घेतलेले. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होते कॅन्सरचे रुग्ण. स्वयंसेवकांना मात्र त्याच गल्लीत पक्षाघाताने लोळागोळा झालेली आजी दिसत होती, पाठीला बेडसोर झालेले आजोबा दिसत होते. तुम्हाला कॅन्सर नाही म्हणून आम्ही येणार नाही, हे शेजाऱ्याच्या तोंडावर कोण सांगेल? रुग्णांच्या यादीत म्हातारे शिरले ते असे. पैसाही गावातूनच उभा राहिला, छोट्या छोट्या देणग्यांचा.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे नर्स. तिच्या पिशवीत गॉज, कॅथेटर, नाकातून घालायची नळी, आणि दुर्गंधी सुटलेल्या जखमेवर टाकायला मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड. ही पूड म्हणजे अगदी स्वस्तातला उपाय. पण तिच्यामुळे नातवंडं पुन्हा खाटेजवळ येऊन बसतात. रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, लालसर झालेली कातडी कशी ओळखायची, हे ती घरच्यांना हाताला धरून शिकवते. अडलं तरच डॉक्टर. वॉर्डात आयुष्य काढलेल्या मला ही उतरंड पटते, कारण बेडसोर राउंडला आलेल्या डॉक्टरांच्या आधी सिस्टरला दिसतो.

मुंबईत आम्ही काय पाहिलं? नर्सिंग ब्युरोतून बारा तासांची बाई येते, अंग पुसते, भरवते, पण नळी बदलणं तिचं काम नव्हे. मग लिफ्ट नसलेल्या चाळीतून चार माणसं म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून खाली उतरवतात, रिक्षात घालतात आणि आमच्या कॅज्युअल्टीत आणतात. नळी बदलायला पंधरा मिनिटं. दिवस मात्र पार जातो. औषधोपचार एकीकडे आणि शुश्रूषा दुसरीकडे अशी फाळणी झाली, की भुर्दंड पडतो तो असा.

केरळात ही फाळणी टाळायची वाट निघाली: २००८ मध्ये तिथल्या सरकारने वेदनाशमन आणि शुश्रूषेच्या या कामाचं धोरण जाहीर केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेपासून तिथल्या पंचायतींच्या हाती बऱ्यापैकी पैसा होता. त्यामुळे पंचायतीने नर्स नेमायची, गाडीची सोय करायची आणि सामान आरोग्य केंद्रात ठेवायचं, हे कागदावरून गावात उतरू शकलं. नुसतं धोरण असतं, तर ते फायलीत झोपलं असतं.

तिथल्या मैत्रिणी एक गोष्ट मात्र दबक्या आवाजात बोलतात. नर्स येते ती महिन्यातून एकदोनदा. मधल्या रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलायची ती सुनेने, नाहीतर स्वतःच सत्तरीला टेकलेल्या बायकोने. मुलगा गल्फमध्ये, तो पैसे पाठवतो. स्वयंसेवक दुपारी येऊन बसतात, औषधं आणून देतात; रात्री दोन वाजता कूस बदलायला अजून तरी कुणी येत नाही.