पाठमोरी उडी

शास्त्र पुढे चालते आणि कसब त्याच्या मागोमाग येते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. क्रीडांगणाचा इतिहास मात्र पुष्कळदा याच्या उलट साक्ष देतो. उंच उडीचेच उदाहरण घेऊ.

पूर्वी उडी मारणारा वाळूत किंवा लाकडाच्या भुशात उतरत असे. पाठीवर पडणे म्हणजे मान मोडून घेणेच. त्यामुळे उड्यांचे सारे प्रकार हातापायांवर उतरण्याच्या हिशेबाने बेतलेले होते. कात्रीसारखे पाय उचलून मारावयाची उडी जुनी. पुढे काठीवरून पोट खाली ठेवून वळणारी स्ट्रॅडल उडी सर्वमान्य झाली. 1963 साली सोव्हिएत खेळाडू व्हॅलेरी ब्रुमेल याने याच रीतीने 2.28 मीटरांचा विश्वविक्रम केला. साहजिकच, हाच अंतिम साचा, असे मार्गदर्शकांना वाटू लागले.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मेडफर्ड गावी डिक फॉसबरी नावाचा एक शाळकरी मुलगा होता. त्याला स्ट्रॅडल काही केल्या साधेना. तो जुन्या कात्री उडीकडे वळला. 1963 सालच्या एका स्पर्धेत काठी जसजशी वर चढू लागली, तसतसा तो कंबर उचलून पाठीकडे अधिकाधिक झुकू लागला. ना कोणी शिकविले होते, ना कागदावर गणित मांडले होते. अडचणीत सापडलेल्या शरीराने स्वतःच वाट शोधली. 20 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको येथील ऑलिंपिक सामन्यांत हाच तरुण काठीवरून पाठमोरा गेला आणि 2.24 मीटरांची उडी मारून सुवर्णपदक घेता झाला.

या उडीची उपपत्ती मागाहून स्पष्ट झाली. खेळाडू वक्र मार्गाने धावत येतो, तेव्हा त्याचे शरीर वळणाच्या आतल्या बाजूस कललेले असते. उडीच्या क्षणी ते सरळ होऊ लागते आणि त्यातूनच शरीराला काठीवरून फिरविणारी गती मिळते. पाय जमिनीवर टेकलेला असतो तो सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी काळ. जमीन सुटली की गुरुत्वमध्य किती उंच जाणार हे ठरून जाते. परंतु शरीर धनुष्यासारखे वाकलेले असल्याने डोके, पाठ, कंबर, पाय हे एकामागून एक काठी ओलांडतात. सर्व शरीर काठीवरून जाते आणि गुरुत्वमध्य मात्र काठीखालून जाऊ शकतो!

अंगी कसब कसे बाणते, या प्रश्नाचा विचार मॉस्को येथे निकोलाय बर्नस्टाइन याने 1920 नंतरच्या दशकातच आरंभिला होता. घण मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींची त्याने छायाचित्रे घेतली. घणाचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी येई. खांदा, कोपर आणि मनगट यांची हालचाल मात्र प्रत्येक घावाला थोडी निराळी असे. म्हणजे कसब हे ठशासारखे नसते. सरावात तेच उत्तर घोकावयाचे नसते; तोच प्रश्न पुनःपुन्हा नव्याने सोडवावयाचा असतो. बर्नस्टाइन 1966 साली निवर्तला. मेक्सिकोची उडी पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. परंतु त्याच्या सिद्धान्ताला याहून बोलका दाखला शोधूनही मिळाला नसता.

जुनी रीत निकामी होती असे मात्र समजू नये. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये युरी तारमाक स्ट्रॅडलनेच जिंकला आणि 1978 साली व्लादिमीर याश्चेंकोने त्याच रीतीने 2.34 मीटर गाठले. तरीही नवी रीत टिकली, कारण ती शिकावयास सोपी होती.

आणि ती शिकता आली, कारण त्याच सुमारास वाळूच्या जागी फोमच्या गाद्या येऊ लागल्या होत्या. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात वाढलेला सर्वेश कुशारे याने लहानपणी मक्याच्या भुसकटाच्या गादीवर पडत ही उडी गिरविली. 2025 साली टोकियो येथील जागतिक स्पर्धेत 2.28 मीटर उडी मारून तो सहावा आला. ब्रुमेलच्या त्या विक्रमाचा आकडाही हाच होता.

मुलाला उडी शिकवू पाहणाऱ्याने, तर मग, साचा हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : त्याच्या शरीराला आपली वाट शोधण्याची मुभा आहे काय, आणि चुकल्यास पडावयाला मऊ जागा आहे काय?