वसईच्या तटाआडचे ओस शहर

१/ वसईचा किल्ला पाहून परतणाऱ्या अनेकांना आपण एक ओस शहर पाहून आलो, याची जाणीव नसते. सुमारे ११० एकरांच्या त्या तटबंदीत रस्ते, चौक, वाडे, मठ आणि अनेक चर्च होती. हे शहर ओस पडले कसे?

२/ डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्याच तहात मुंबईची बेटेही गेली. पुढे वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली आणि मुंबई तिच्या अखत्यारीतील एक बेट ठरली.

३/ तटाच्या आत मुख्यतः पोर्तुगीज उमराव आणि धर्मगुरू राहत. येथील 'डॉम' पदवीधारकांमुळे शहराला 'डॉम बसई' असे नावच पडले होते. १५९७ मध्ये जपानच्या नागासाकी येथे क्रुसावर चढवलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे.

४/ मराठ्यांनी जिंकले आणि शहर एका दिवसात उजाड झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. ऱ्हास त्याआधीच सुरू झाला होता. १६२२ मध्ये होर्मुझ हातचे गेले. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्रजांकडे वळली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईवर छापा घातला. १६९५ मध्ये आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी येथील साथीच्या कहराचे वर्णन करतो.

५/ १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वेढा आवळला. सुरुंगांनी तट फोडला गेला, दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झाली आणि १६ मे रोजी शरणागती ठरली. अटी लक्षणीय होत्या. शहर सोडण्यास आठ दिवसांची मुदत, फौजेला सन्मानाने शस्त्रांसह जाण्याची मुभा आणि मागे राहणाऱ्यांना धर्मपालनाचे स्वातंत्र्य.

६/ उमराव गेले, पण किल्ला मोडीत निघाला नाही. त्याला 'बाजीपूर' हे नाव मिळाले, सरसुभ्याचे ठाणे येथे बसले आणि शंकराजी केशव फडके सरसुभेदार झाले. १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही वसईतच.

७/ १८१८ नंतर मात्र या जागेचे प्रयोजनच संपले. बंदराचा व्यापार मुंबईने ओढून घेतला. रेल्वे आली ती किल्ल्यापासून काही किलोमीटर पूर्वेला, आणि नवे शहर स्थानकाभोवती वाढले. वापर थांबलेल्या इमारतींची लाकडी छपरे आधी गेली. उघड्या पडलेल्या चुन्याच्या भिंतींत पाऊस मुरला आणि वड-पिंपळाची मुळे शिरली.

८/ ओस पडले ते तटाआतले शहर. वसई ओस पडली नाही. बाहेरच्या वाड्यांतील कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी आपापल्या शेतीत, बागायतीत, मासेमारीत टिकून राहिले. तटाआतले जीवन सत्तेवर आणि व्यापारावर उभे होते, बाहेरचे जमिनीवर आणि समुद्रावर. म्हणून राजवट बदलताच एक संपले आणि दुसरे चालू राहिले.

९/ पुढच्या भेटीत सेंट जोसेफ चर्चच्या दारावरचा १६०१ सालचा शिलालेख अवश्य पाहावा. त्यावर स्वतःचे नाव मात्र कोरू नये. ज्या शहराची वस्ती उठून गेली, त्याच्या वतीने साक्ष देण्यास आता हे दगडच उरले आहेत.