हळव्या पोटाची न्याहारी

शाळेत मी बत्तीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. त्या पाठ्यपुस्तकांत राजे होते, लढाया होत्या, तह होते. पण तो राजा सकाळी उठून काय खात होता आणि खाल्लेले त्याला पचत होते का, हे कुठेच नव्हते. मुलेही कधी विचारत नसत. मला मात्र हा प्रश्न पडे, कारण त्याच बत्तीस वर्षांत माझे पोट मला रोज सकाळी परीक्षेला बसवत होते.

या दुखण्याला डॉक्टर मंडळी 'आयबीएस' म्हणतात. आमच्या अर्धापूरकडे त्याला धड नाव नाही. 'पोट बिघडते', 'पोटात गुबारा धरतो', 'सारखे जावे लागते' एवढेच लोक म्हणतात, तेही हळू आवाजात. ताप असला तर चारचौघांत सांगता येतो, पण सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला शिकवताना मन फळ्यावर नसून मैदानापलीकडच्या संडासाकडे आहे, हे कोणाला सांगणार? तपासण्या करा, सगळे 'नॉर्मल' निघते. मग 'मास्तर, मनाचे खेळ आहेत' असे ऐकून घ्यावे लागते. ज्यांनी हे सोसले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

हे मनाचे खेळ नाहीत, हे मला पुढे वाचनातून कळले. १८४९ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात विल्यम कमिंग नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवले आहे, की एकाच माणसाला कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब कसे होतात याचे त्याला कोडे पडले होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४४ च्या सुमारास, आजचे नाव रूढ होऊ लागले. १९७८ साली इंग्लंडात मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणांवरून हा विकार ओळखण्याची पद्धत मांडली. त्यातूनच पुढे 'रोम निकष' आले आणि त्यांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. म्हणजे आतडे दिसायला निरोगी, पण त्याची चाल आणि त्याची जाणीव बिघडलेली, असा हा विकार आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे विलायतेचे झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडे 'ग्रहणी' हा शब्द फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीचाच आहे. ग्रहणी म्हणजेच आजचा आयबीएस, असे छातीठोकपणे म्हणणे बरोबर होणार नाही. त्या एका शब्दात पोटाची पुष्कळ दुखणी येतात. पण कधी बांधून येणारे तर कधी पातळ होणारे शौच त्या वर्णनात आहे, आणि अशा पोटाला ताक हितकर आहे हेही तिथे सांगितले आहे.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. चरकाच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात यवागूचे, म्हणजे पातळ शिजवलेल्या धान्याचे, अठ्ठावीस प्रकार दिले आहेत. एकाच पदार्थाचे अठ्ठावीस प्रकार! वैद्यकाच्या परंपरेत पाण्याचे मापही ठरलेले आहे. विलेपीला धान्याच्या चौपट पाणी, यवागूला सहापट, मंडाला चौदापट. धान्य तेच, पातेले तेच; पोट जसे असेल तसे पाणी कमीजास्त करायचे. आजारी माणसासाठी वेगळा स्वयंपाक न मांडता आहे तोच स्वयंपाक त्याच्याकडे वळवून घ्यायचा, ही त्यातली युक्ती आहे. आपल्या जुन्या न्याहारीचे मर्म मला याच युक्तीत दिसते.

राजाच्या न्याहारीचा प्रश्न मी सुरुवातीला काढलाच आहे, तर एक राजा घेऊ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडचे. आमचा नांदेडचा मुलूखही याच चालुक्यांच्या राज्यात होता. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळे त्याची साक्ष देतात. या ग्रंथात अन्नाचे प्रकरण आहे आणि त्यात 'इडरिका' आणि 'धोसक' हे पदार्थ आहेत. नावावरून इडली आणि डोसा आठवतोच, पण ती इडरिका उडदाची होती, त्यात तांदूळ नव्हता. वर हिंग, जिरे, मिरे. राजाच्या पदरी बल्लव होते, त्याला निभावले असेल. हळव्या पोटाने नुसत्या उडदाच्या वाटेला जाऊ नये!

आणि मिरची? ती तर तेव्हा या देशातच नव्हती. मिरची, शेंगदाणा, बटाटा हे सगळे पोर्तुगीज आल्यानंतरचे, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढचे पाहुणे. साबुदाणा तर त्याहून अलीकडचा. तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने १९४० च्या दशकात उभे राहिले. तेव्हा एकादशीला शेंगदाण्याच्या कुटाची, हिरव्या मिरचीची, बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी आपण परंपरा म्हणून खातो, त्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस समुद्रापलीकडून आलेला आहे. गंमत म्हणजे 'नाश्ता' हा शब्दही फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ 'काही न खाल्लेला' असा! 'न्याहारी'ही आपल्याकडे त्याच बाजूने आली. शब्द आले तसे पदार्थही आले, यात वावगे काही नाही.

आमच्या घरची न्याहारी मात्र ज्वारीची होती. ज्वारीही मुळात आफ्रिकेची, पण ती काही हजार वर्षांपूर्वी इथे आली आणि इथलीच झाली. सकाळी शेतावर जाणाऱ्याला रात्रीची शिळी भाकरी, सोबत कांदा नि ठेचा. म्हाताऱ्यांना तीच भाकरी ताकात कुस्करून. उन्हाळ्यात आंबील: ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेवायचे, थोडे आंबले की उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचे. आणि कण्या. जात्यावर ज्वारी भरडली की पीठ वेगळे, कण्या वेगळ्या. त्या कण्या माय भातासारख्या शिजवायची. घट्ट कण्या कामाला जाणाऱ्यांच्या ताटात, त्याच पातेल्यात पाणी वाढवून पातळ केलेल्या कण्या आजीच्या वाटीत, आणि कोणाचे पोट बिघडले असेल तर वरची नुसती पेज, मीठ घालून. फोडणी वेगळ्या पळीत. ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. मायने चरकाचे नावही ऐकलेले नव्हते, पण पाण्याचे ते गणित तिच्या हातात होते.

हे सगळे सोन्यासारखे होते, असे मात्र मला म्हणायचे नाही. आंबील पुष्कळ घरी गरिबीमुळे होत असे, आरोग्यासाठी नव्हे. सकाळी उपाशीपोटी कच्चा कांदा आणि लसणाचा ठेचा हळव्या पोटाला मानवणारा नाहीच. तेव्हाही मानवत नसणार. फक्त त्याची तक्रार कोणी कुठे लिहून ठेवली नाही.

मग ही ज्वारी ताटातून गेली कशी? एका दिवसात नाही गेली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल 'मिलो' मिळाली. तिची भाकरी कशी होत होती हे त्या पिढीला विचारा. दुष्काळी कामावर सुकडी मिळे. त्यानंतर रेशनच्या दुकानातून गहू आणि तांदूळ नियमाने घरात येऊ लागले. इकडे पैनगंगेवरच्या ईसापूर धरणाचे पाणी कालव्याने आमच्या भागात आले आणि शिवाराचा रंगच बदलला. केळी, हळद, ऊस! अर्धापूरची केळी आज दूरदूर जाते. कोरडवाहू भागात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. शेतकऱ्याचे यात काय चुकले? ज्याला भाव मिळतो ते तो पेरणार. मुलांची शिक्षणे, घरांचे स्लॅब त्यावरच झाले. पण जी ज्वारी गरिबाची म्हणून ओळखली जाई, ती आता बाजारात पुष्कळदा गव्हापेक्षा महाग असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपये किलोने देण्याची तरतूद होती आणि जानेवारी २०२३ पासून धान्य मोफतच झाले. तरी गरिबाच्या पिशवीत मुख्यतः पडतात ते गहू आणि तांदूळच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात ज्वारीची बिस्किटे चकचकीत पुड्यांत आली. पण ज्या मजुराला गव्हाने गुबारा धरतो, त्याच्या ताटात भाकरी परत आली का, हा खरा प्रश्न आहे.

गव्हाने गुबारा का धरतो, याचेही उत्तर आता मिळाले आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ मध्ये 'फॉडमॅप' ही कल्पना मांडली. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जंतू त्या आंबवतात, वायू होतो. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. हळव्या आतड्याला तेवढाच ताण दुखतो. अशा साखरा गहू, कांदा, लसूण, हरभऱ्यासारखी कडधान्ये आणि दूध यांत जास्त. तांदूळ आणि ज्वारी यांत कमी. हे वाचले तेव्हा मला मायच्या कण्यांचे पातेले आठवले.

आमच्या अर्धापूरकरांसाठी एक गोष्ट विशेष. केळे जसजसे पिकत जाते तसतशी त्यातली फ्रुक्टन नावाची साखर वाढते. म्हणून ठिपके पडलेले गोड केळे त्रास देते आणि जरा घट्ट केळे अनेकांना चालते. केळीच्या गावात राहून केळ्याला भ्यायचे कारण नाही, फक्त ते कधी खायचे ते पाहावे.

आता वाचक म्हणतील, गुरुजी, इतिहास पुरे, खायचे काय ते सांगा. मी काय करतो ते सांगतो. ज्वारीच्या पातळ कण्या, वर थोडे तूप नि जिरे. तांदळाचा गुरगुट्या भात. पोहे करायचे तर कांद्याशिवाय, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे. हिंग मात्र बेताने, कारण बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आपली मराठवाड्याची सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, कांदा आणि डाळे वगळून. लसणाची चव हवीच असेल तर पाकळी तेलात तळून काढून टाकावी. चव तेलात उतरते, त्रास देणारी साखर उतरत नाही. ताक वाटीभर चालते का ते प्रत्येकाने स्वतः पाहावे, कारण त्यातही दुधाची साखर थोडी उरतेच. चहा उपाशीपोटी नको. आणि घरात सगळ्यांसाठी एकच पातेले. कांदा, शेंगदाणे, ठेचा ज्याचा त्याने वरून घ्यावा. त्यामुळे घरच्या बाईला दोन स्वयंपाक पडत नाहीत आणि आजारी माणसाला ओशाळे वाटत नाही. माझ्या मते हे दुसरे औषध पहिल्याइतकेच मोठे आहे.

मात्र सगळेच पदार्थ कायमचे बंद करू नयेत. त्या शास्त्राचेही म्हणणे असेच आहे. दोन ते सहा आठवडे वर्ज्य करून मग एकेक जिन्नस परत आणून पाहायचा. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाला विचारून करावे. नाहीतर माणूस भीतीने खाणेच सोडतो आणि खंगतो. शौचात रक्त पडणे, वजन घटणे, ताप, पंडुरोग, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर कण्या शिजवत बसू नये. आधी डॉक्टर गाठावा.

असो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे चांगले चांगले वाण काढले आहेत. 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण २०१८ साली आला. बियाणे आहे, जमीन आहे, शिजवण्याची रीतही अजून काही घरांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातात आहे. ती रीत कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. त्या आहेत तोवर एकदा शेजारी बसून पाण्याचे माप विचारून घ्या. आमच्या घरी ते असे आहे: वाटीभर कण्यांना सहा वाट्या पाणी, आणि ज्या दिवशी पोट रुसलेले असेल त्या दिवशी आठ.