मुरड घातलेला अर्धचंद्र

करंजी कोणाची, असे विचारले तर आपण हसू. दिवाळीची, आणखी कोणाची! पण पदार्थांचा इतिहास पाहू लागलो की अशी झटपट उत्तरे टिकत नाहीत.

अमेरिकेत आमिश नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. १६९३ च्या सुमारास याकोब आम्मान या धर्मोपदेशकाच्या आग्रहातून तो युरोपात वेगळा झाला. अठराव्या शतकात ही शेतकरी माणसे पेनसिल्व्हेनियात जाऊन वसली. आजही ती घोडागाडीने फिरतात. त्यांच्यात बहुतेक ठिकाणी प्रार्थनेला वेगळे चर्च नसते. आळीपाळीने एकेकाच्या घरी प्रार्थना होते, मग सगळे एकत्र जेवतात. काही वसाहतींत या जेवणात मैद्याची एक दुमडलेली वडी असते. आत सफरचंदाचे सारण, कडा दाबून बंद केलेल्या, भट्टीत भाजलेली. नाव ‘हाफ मून पाय’, म्हणजे अर्धचंद्र. कुठे कुठे अशी वडी तळून तिच्यावर साखरेचा पाकही चढवतात. वाळला की आपल्या पाकातल्या चिरोट्यांसारखी चकाकी येते.

आमिश बायकांनी करंजी पाहिली नव्हती, आपल्या आज्यांनी त्यांचा अर्धचंद्र पाहिला नव्हता. मग आकार एक कसा? उत्तर सारणात आहे. रसाळ फळ तसेच भरले तर पारी भिजते आणि फुटते. म्हणून तिकडे हंगामात सफरचंदाच्या फोडी वाळवून ठेवतात आणि लागतील तशा शिजवून घट्ट करतात. आपल्याकडेही तेच. कोकणात ओल्या नारळाची करंजी एक-दोन दिवसांत संपवावी लागते. घाटावर आमच्या राजूरकडे सुक्या खोबऱ्याची करंजी डब्यात कितीतरी दिवस राहते. त्यांच्या घरी भट्टी होती, त्यांनी भाजले. आपल्याकडे चूल आणि कढई, आपण तळले.

याच आकाराच्या घराण्यातली आणखी एक शाखा पश्चिम आशियात सापडते. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या अल्-बगदादीच्या पाकग्रंथात ‘सनबूसज’ आहे. त्याच्या एका प्रकारात मांसाऐवजी साखर आणि कुटलेले बदाम गुलाबपाण्यात मळून भरायला सांगितले आहेत. म्हणजे समोसा तेव्हा गोडही होता. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या दरबारी आलेल्या इब्न बतूताने तुपात तळलेल्या ‘समूसक’चे वर्णन केले, त्यात खिमा, बदाम आणि पिस्ते होते. करंजी यातूनच आली असे मी म्हणत नाही. पण पारी, सारण आणि मुरड ही विद्या एकाच धर्माच्या चुलीवर शिजलेली नाही, एवढे नक्की.

गोव्यात पाहा. तिथली नेवरी चतुर्थीला गणपतीपुढे असते आणि नाताळात ख्रिस्ती घरातल्या कुसवाडाच्या ताटातही असते. आमच्यासारख्या मराठी मुसलमानांच्या घरी दिवाळीत शेजारून फराळाचे ताट येते आणि ईदला शिरखुर्म्याचे भांडे तिकडे जाते. अलीकडे कोणता पदार्थ कोणाचा यावर हमरीतुमरी होते, तेव्हा हे ताट आठवावे. आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नसते, हा शिष्टाचार दोन्ही घरांना ठाऊक असतो.

मुरडीलाही मराठी घरात वेगळा अर्थ आहे. गौरी बोळवताना मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य दाखवतात. जाणारीने मुरडून पुन्हा यावे, ही त्यामागची इच्छा. सारण बाहेर पडू नये म्हणून घातलेली दुमड अशी परतीची वाट झाली. आमिशांच्या काट्याने दाबलेल्या कडेला अशी बोली असेल का, माहेरवाशिणींनाच ठाऊक!

राजूरच्या पेढ्यांनी नाव कमावले. इथल्या डोंगरातले करवंद मात्र पानांच्या द्रोणात विकले जाते आणि दोन दिवसांत मऊ पडते. फळ वाया जाऊ नये म्हणून त्या लांबच्या शेतकऱ्यांनी जे केले, ते आपल्यालाही जमेल. बिया काढाव्यात, गर गुळात घट्ट होईतो आटवावा, थंड झाल्यावर साट्याच्या पारीत भरावा, मुरड घालावी आणि मंद आचेवर तळावे. वरून हवा तर पाक. शेजाऱ्याच्या ताटात पहिल्या दोन जाऊ द्याव्यात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)