अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि प्रारंभीचे छायाचित्रण

आम्हा हुपरीकरांस चांदी परिचित आहे ती पैंजणांची. याच धातूच्या क्षारांनी एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याच्या विहारांच्या प्रतिमा कागदावर उमटविल्या, याची जाणीव आपल्या उपासकवर्गात फारशी आढळत नाही.

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगातील प्रती करण्यास नेमण्यात आले. लंडनला गेलेल्या त्यांच्या बहुतेक प्रती डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या.

दरम्यान गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह त्यांची ७४ छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर देऊन ती चांदीच्या नायट्रेटमध्ये बुडवीत व ओली असतानाच वापरीत. अशा काचेस निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा जवळजवळ नाहीच. अजिंठ्याचे चित्रकार तर गेरू आणि पिवळ्या मातीचे धनी! त्यातून लेण्यातील अंधार. म्हणून हे तंत्र चित्रांपेक्षा स्तंभ, दर्शनी भाग व शिल्पे यांनाच अधिक मानवले.

हे वैगुण्य खरे. पण त्यातच या छायाचित्रांचे मोल आहे, असे आम्हांस वाटते. प्रत करणारा चित्र भिंतीवरून सुटे करून नेतो. पद्मपाणी आज दिनदर्शिकांवर एकटाच दिसतो. वस्तुतः पहिल्या लेण्यात तो गर्भगृहाकडे जाणाऱ्या द्वाराच्या एका बाजूस, दुसरा बोधिसत्त्व दुसऱ्या बाजूस, आणि आत धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेत तथागत, अशी ती योजना आहे. वास्तूवाचून त्या चित्राचा अर्थ अपुरा राहतो. फर्ग्युसन व ग्रिफिथ्स या दोघांनीही आपापल्या ग्रंथांच्या नावांत या लेण्यांना ‘मंदिरे’ म्हटले. ज्या दालनाभोवती भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या कोरल्या आहेत, त्यास मंदिर कसे म्हणावे?

पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांवर आधारित रंगीत व एकरंगी चित्रांचे चार भाग सिद्ध केले. ओल्या काचेला न दिसलेला गेरूचा तांबडा रंग त्यांत छायाचित्रणाच्या साहाय्याने कागदावर आला.